कागद कुठला, त्यावर आहे

‘सर्टिफिकेट म्हणजे नुसता कागद, सायबर सिक्युरिटी शिकायची ती कामावरच’ असं या चर्चेत म्हटलं गेलंय, ते मला अर्धंच पटतं. घोकून पास होता येणाऱ्या परीक्षा आहेत, मान्य. पण सगळ्यांना एकाच मापाने कसं मोजणार? ओएससीपी या हॅकिंगच्या प्रात्यक्षिक परीक्षेत पावणेचोवीस तास प्रत्यक्ष मशीन फोडायच्या, म्हणजे त्यांत शिरकाव करायचा असतो आणि पुढच्या चोवीस तासांत रिपोर्ट द्यायचा असतो. तिथे पाठांतर काय कामाचं!

पण माझ्या मते खरी गरज त्याच्या खालच्या पायरीची, म्हणजे नेटवर्किंगच्या पायाची आहे. मुलाखतीत मी उमेदवारापुढे एक पॅकेट कॅप्चर, म्हणजे नेटवर्कवरच्या ट्रॅफिकची पकडलेली नोंद ठेवतो. एकाच पत्त्यावरून ओळीने वेगवेगळ्या पोर्टवर (मशीनच्या क्रमांक दिलेल्या दारांवर) सिन, म्हणजे जोडणीची विनंती येतेय, उत्तरात बहुतेक ठिकाणी रिसेट, म्हणजे नकार, मधेच कुठेतरी सिन-अ‍ॅक, म्हणजे होकार. टूलांची नावं धडाधड सांगणारे इथे हमखास गडबडतात. थ्री-वे हँडशेक (दोन मशीन तीन संदेशांत जोडणी करतात ती पद्धत) नीट शिकलेला मात्र लगेच म्हणतो, पोर्ट स्कॅन आहे, कोणती पोर्ट उघडी आहेत ते कुणीतरी चाचपतंय, आणि सिन-अ‍ॅक आला ती पोर्ट उघडी सापडली. हे कामावर शिकता येत नाही असं नाही, पण अलर्टचा ढीग पडलेला असताना शिकवायला बसणार कोण? कोर्सची फी परवडत नसेल तर वायरशार्क हे ट्रॅफिक पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, स्वतःच्याच मशीनचं ट्रॅफिक पकडून वाचायला सुरुवात करा.