मोठ्या माणसांचा आघात २० प्रश्नांत कळतो का?

भाचा_किल्लारीचा: मामा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माळवदाखाली गाडले गेले होते. आदल्या रात्री गणपती बोळवून झोपलेलं गाव. पुनर्वसनात पक्कं घर मिळालं, तरी मामा अजून अंगणातच झोपतात, उशाशी चप्पल. ट्रक गेला, पत्रा थरथरला की उठून उभे. इतकी वर्षं बीपी आणि पित्ताच्या गोळ्या चालू होत्या. गेल्या वर्षी एका डॉक्टरांनी पीसीएल-५ ही प्रश्नावली भरून घेतली. जिवावरच्या प्रसंगानंतर मनात राहणारा आघात, म्हणजे पीटीएसडी, आहे का ते तिच्यातून चाचपतात. 'त्या पहाटेची स्वप्नं पडतात का?' हे त्यांना पहिल्यांदाच कुणी विचारलं. माझं मत स्पष्ट आहे: प्रत्येक सरकारी दवाखान्यात हे विचारलं पाहिजे.

सिस्टर_बीड: मला नाही पटत. २० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, आणि ८० पैकी ३१-३३ च्या वर गेलं की आजारी? मी असे फॉर्म भरून घेतलेत. 'थोडं, मध्यम की बरंच?' विचारलं की आजी म्हणते, 'व्हतंय की बाई.' याला किती गुण देऊ? आणि जिचं लेकरू गेलं तिला झोप नसणारच. दुःखाला रोगाचं नाव कशाला?

समुपदेशक_पुणे: सिस्टर, ती चाळणी आहे, निदान नाही. निदान मुलाखतीतून होतं. जिवावरचा प्रसंग होता का, तो मनात पुन्हा पुन्हा घडतो का, आठवण करून देणाऱ्या जागा टाळल्या जातात का, स्वतःला दोष देणं किंवा मन बधिर होणं आहे का, दचकणं, चिडचिड आहे का, हे सगळं महिन्याहून जास्त टिकलंय का आणि रोजचं जगणं अडलंय का. शोकातली बाई बहुधा लेकराचा फोटो जवळ घेते. आघातातला माणूस आठवणीपासून पळतो. आजीला गुण विचारूच नका, 'आठवड्यातून किती रात्री?' असं विचारा.

सिस्टर_बीड: रात्री मोजायचं पटलं. पण पुढे पाठवायचं कुणाकडे? आमच्याकडे मानसोपचाराचा डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो. जखम उघडायची आणि 'पुढच्या मंगळवारी या' म्हणायचं, हे माझ्याच्याने होत नाही.

भाचा_किल्लारीचा: ताई, जखम उघडीच होती. टाळण्याच्या दोन्ही प्रश्नांना मामांनी ४-४ सांगितले. आमचं शेत जुन्या गावठाणाला लागून आहे. ते बटईनं दिलंय. का, ते घरात कुणी कधी विचारलं नव्हतं.