डांबराच्या गोळ्या, जहाजांचं तेल आणि आंग्रिया बँक: समुद्राचा पट्टा राखीव करावा का?

खाडीकाठ:
मे लागला की देवगड, मालवण, वेंगुर्ल्यापासून खाली गोव्यापर्यंत पुळणीवर डांबराच्या गोळ्या यायला सुरुवात होते आणि पार ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत येत राहतात. लहानपणापासून बघतोय, पायाला चिकटलं की रॉकेलने पुसायचं, जाळ्याला चिकटलं तर जाळं गेलंच. लोकांना वाटतं हे निसर्गाचंच काहीतरी आहे. नाही हो! समुद्रात सांडलेलं किंवा सोडलेलं तेल असतं, त्यातला हलका भाग उडून जातो, उरलेला घट्ट होतो, वाळू धरतो आणि नैऋत्य वारा सुटला की आपल्या दारात येतो.

आता कायदा काय म्हणतो ते वाचलं तर डोकं फिरतं. १९६७ ला इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ टॉरी कॅन्यन टँकर फुटला, त्यानंतर जगाने जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखायला मार्पोल करार केला (१९७३ चा, मग १९७८ ला दुरुस्त). त्यात टँकरला टाक्या धुतलेलं तेलकट पाणी समुद्रात सोडायला अजूनही परवानगी आहे, अट अशी की किनाऱ्यापासून ५० सागरी मैलांच्या पलीकडे, चालत्या जहाजातून, मैलाला ३० लिटरपेक्षा जास्त तेल नको आणि एकूण तेल मालाच्या ३० हजाराव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. म्हणजे ३ लाख टनांचा टँकर कायद्यात राहून १० टन तेल सोडू शकतो. पण भूमध्य समुद्र, बाल्टिक, काळा समुद्र, इराणचं आखात हे 'विशेष क्षेत्र' आहेत, तिथे टँकरला हे अजिबात चालत नाही. ओमानच्या बाजूचा अरबी समुद्रसुद्धा २००४ ला यादीत गेला. आपली बाजू नाही गेली.

आणि आता नकाशा उघडा. विजयदुर्गपासून साधारण १०५ किलोमीटर आत आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं बुडालेलं पठार, साधारण ४० किलोमीटर लांब, माथा पाण्याखाली जेमतेम २० मीटरवर, आणि त्यावर प्रवाळ. ५० सागरी मैल म्हणजे ९२-९३ किलोमीटर. म्हणजे आपल्या सगळ्यात सुंदर प्रवाळावर धुणं सोडायची मुभा जिथे सुरू होते तिथेच ते प्रवाळ आहे!!

माझी मागणी सरळ आहे. एक, पश्चिम किनाऱ्यासमोरचा समुद्र विशेष क्षेत्र करावा. दोन, आंग्रिया बँक आयएमओकडून (जहाजवाहतुकीची आंतरराष्ट्रीय संघटना) 'विशेष संवेदनशील सागरी क्षेत्र' म्हणून घोषित करून घ्यावी आणि मोठ्या जहाजांनी तो पट्टा टाळावा. ऑस्ट्रेलियाने ग्रेट बॅरियर रीफसाठी १९९० ला हे करून घेतलं, फिलिपिन्सने तुब्बताहा प्रवाळासाठी २०१७ ला. भारताचं एकही नाही.

इंजिनरूम:
कळकळ पटली, उपाय नाही पटला. मी बरीच वर्षं जहाजावर इंजिनीअर म्हणून काढली त्यामुळे आतली बाजू सांगतो.

ते १० टन कागदावर आहेत हो. आजच्या टँकरवर क्रूडनेच (कच्च्या तेलानेच) टाक्या धुतात, धुतलेलं तेलकट मिश्रण, म्हणजे स्लॉप, वेगळ्या टाकीत जातं, मीटरवर नोंद होते, आणि बराचसा स्लॉप पुढच्या मालाबरोबर बंदरात उतरतो. तुम्ही सोडायची मुभा काढली तर जो नियम पाळतोय त्याच्यात फार फरक पडणार नाही. खरी घाण इंजिनरूममधून जाते आणि ती फक्त टँकरची नाही, कंटेनर जहाज, बल्क कॅरियर (कोळसा-धान्यासारखा सुटा माल नेणारं जहाज) सगळ्यांची. जड इंधन गाळताना साधारण १ टक्का स्लज (तेलाचा गाळ) निघतो, कधी जास्त. शिवाय बिल्जचं, म्हणजे जहाजाच्या तळाशी साठणारं तेलकट पाणी. तेल-पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरमधून काढून तेल १५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत १५ भाग) आत आलं तर सोडायचं, नाहीतर साठवून बंदरात द्यायचं असा नियम. आणि लक्षात घ्या, बिल्जला हा १५ पीपीएमचा नियम विशेष क्षेत्रात पण जवळपास तसाच आहे, पूर्ण बंदी फक्त अंटार्क्टिक आणि आर्क्टिक समुद्रात.

आता बंदरात स्लज द्यायला पैसे लागतात, बार्ज बोलवा, एजंटला सांगा, बंदरात जहाज थांबतं १०-१२ तास, बार्ज वेळेत आली तर आली, आणि ऑफिस खर्चावरून चीफ इंजिनीअरला ओरडतं. मग रात्री सेपरेटरला वळसा घालून एक पाइप जोडतात, बोटीवर त्याला मॅजिक पाइपच म्हणतात, आणि ऑइल रेकॉर्ड बुकात खोटं लिहितात. प्रिन्सेस क्रूझेससारखी मोठी कंपनी यात सापडली, एका नवीन आलेल्या ज्युनिअर इंजिनीअरने फोटो काढून तक्रार केली, २०१६ ला ४ कोटी डॉलरचा दंड झाला. अमेरिकेत अशी माहिती देणाऱ्या खलाशाला दंडातल्या अर्ध्या हिश्श्यापर्यंत पैसे मिळू शकतात म्हणून पोरं बोलतात. आपल्याकडे बोललास तर पुढचं कॉन्ट्रॅक्ट विसर.

कचरा टाकायला माणशी पैसे लावले की लोक रात्री नाल्यात टाकतात, तसंच आहे हे. बाल्टिकच्या बंदरांनी काय केलं, कचऱ्याची फी बंदराच्या बिलातच घातली, द्या किंवा नका देऊ, पैसे जाणारच. मग समुद्रात टाकून वाचणार काय? आपल्या जेएनपीए, मुंबई, मुरगाव, मुंद्राने हे आधी करावं. नकाशावर रेघ नंतर मारा.

रापणकर_मालवण:
राखीव हा शब्द ऐकला की आमच्या पोटात गोळा येतो. १९८७ ला मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ला पद्मगड सगळं त्यात. आमका कोणी इचारलां नाय. तेव्हापासून गाभा क्षेत्रात मासेमारी बंद, आणि इतक्या वर्षांत बंधन आलं ते कोणावर, तर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं) ओढणाऱ्यावर, कालवं काढणाऱ्या बाईवर. बाहेरून जाणाऱ्या जहाजाला अभयारण्य आहे हे तरी माहीत आहे का? त्याचं तेल हद्द बघून थांबतं का?

खाडीकाठ दादा, तुमचा हेतू चांगला आहे पण उद्या आंग्रिया राखीव झालं की पहिला बोर्ड आमच्यासाठी लागणार. जहाज जाणार तसंच.

खाडीकाठ:
@रापणकर, हीच भीती खरी आहे आणि म्हणूनच मी अभयारण्य म्हणालो नाही. वन्यजीव कायदा १२ सागरी मैलांपर्यंतच चालतो, आंग्रिया त्याच्या कितीतरी बाहेर, तिथे १९७६ चा सागरी क्षेत्रांचा कायदा लागतो. आयएमओचं क्षेत्र हे जहाजांच्या मार्गावर आणि विसर्जनावर बंधन घालतं, होडीवर नाही. मागणीतच लिहून घ्या ना, बिगरयांत्रिक आणि छोट्या होड्यांवर यातून एकही नवीन अट येणार नाही म्हणून.

@इंजिनरूम, फीचा मुद्दा शंभर टक्के मान्य, पण 'आधी' आणि 'नंतर' का? बाल्टिकने फी पण केली आणि तो समुद्र विशेष क्षेत्र पण आहे आणि २००५ पासून संवेदनशील क्षेत्र पण. दोन्ही आहे म्हणून चालतं.

दोनापावला:
गोव्यातून. दोघांनी एक गोष्ट गाळलीत. आमच्याकडच्या एनआयओने (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) टारबॉलचे, म्हणजे या डांबराच्या गोळ्यांचे नमुने तपासलेत, तेलाचं रासायनिक ठसे जुळवणं म्हणतात त्याला. काही वर्षांचे गोळे टँकर धुतल्याच्या तेलाशी जुळले, आग्नेय आशियातल्या क्रूडशी, आणि काही वर्षांचे थेट बॉम्बे हायच्या तेलाशी. म्हणजे दोष सगळा परदेशी जहाजांवर टाकून मोकळं होता येणार नाही, आपल्याच तेलविहिरी, पाइपलाइनी पण बघाव्या लागतील, आणि त्यांना मार्पोलचं विशेष क्षेत्र किती लागू पडणार? कळंगुट-बागाच्या शॅकवाल्यांना तेल कुठून आलं याने फरक पडत नाही, पण उपाय शोधायचा तर पडतो.

उरणची_बाय:
मी या राखीव-बिखीवच्या विरोधात नाही पण मला ते आमच्या कामाचं वाटत नाही. ७ ऑगस्ट २०१० ला एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ मुंबई बंदराच्या तोंडाशी धडकली. सुमारे ८०० टन तेल गेलं, कंटेनर वाहून आले, त्यात कीटकनाशकं होती, आमच्या खाडीतली तिवरं काळी झाली, एलिफंटा, अलिबागपर्यंत. कित्येक दिवस मासळी कोणी विकत घेईना. माझी आई टोपली घेऊन जायची आणि तशीच परत. हे भर बंदरात झालं, जिथे आधीच सगळे नियम आहेत, कंट्रोल टॉवर आहे, पायलट आहेत. तिथे तुम्ही कुठला पट्टा राखीव करणार? मोठी जहाजं येणारच, आता वाढवणला अजून मोठं बंदर होतंय. आम्हाला पाहिजे ते म्हणजे तेल सांडल्यावर पहिल्या सहा तासांत बूम (तेल अडवणारा तरंगता अडसर) खाडीच्या तोंडाशी लागली पाहिजे. कोस्ट गार्डकडे प्रदूषण आवरायची मोठी जहाजं आहेत, समुद्र प्रहरी वगैरे, पण ती खोल पाण्याची, खाडीत शिरणार नाहीत. गावात बूम ठेवा, पोरांना शिकवा, होडीचं भाडं आधी ठरवून ठेवा.

नकाशावेडा:
उरणची_बाय +१.

पण राखीव क्षेत्राने काही होत नाही हे मात्र नाही पटत, आणि विरोधकांचं सगळ्यात जोरदार उदाहरण मीच देतो. ग्रेट बॅरियर रीफ १९९० पासून संवेदनशील क्षेत्र, तरी एप्रिल २०१० ला शेन नेंग-१ हे कोळशाचं जहाज डग्लस शोलवर चढलं आणि सुमारे ३ किलोमीटर प्रवाळ खरवडून काढलं. मग रेघेचा उपयोग काय? उपयोग असा की त्यानंतर जहाजांवर नजर ठेवायची हद्द दक्षिणेकडे वाढवली, आणि मालकाकडून २०१६ ला ३.९३ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर वसूल झाले. रेघ असली की ती ओलांडणाऱ्याला विचारता येतं.

उलट मॉरिशस बघा. जुलै २०२० मध्ये वाकाशिओ, टँकर नाही, रिकामं बल्क कॅरियर, तिथे थांबायचंही नव्हतं, किनाऱ्याच्या फार जवळून जाताना प्रवाळावर चढलं आणि स्वतःचंच सुमारे हजार टन इंधन सांडलं, जवळच ब्लू बे सागरी उद्यान. उद्यान जमिनीच्या बाजूने राखलं होतं, जहाजाने किती लांबून जायचं हे कोणी बांधलेलं नव्हतं. आंग्रियाचं आज तेच आहे.

आणि आपल्याकडे जहाजांचे मार्ग बदलता येत नाहीत असंही नाही, डीजी शिपिंगने (केंद्राच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाने) १ ऑगस्ट २०२० पासून नैऋत्य किनाऱ्यावर मासेमारी बोटी आणि मालवाहू जहाजांचे मार्ग वेगळे केलेच ना.

इंजिनरूम:
मार्ग बदलायला माझा विरोध नाही, २०-२५ मैलांचा वळसा कुठलंही जहाज सोसेल. माझा विरोध आहे तो घोषणा झाली, फोटो निघाले, काम संपलं याला. कच्छच्या आखातात बघा, १९८२ पासून देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान, आणि त्याच आखातात वाडिनारला बोयाला बांधून अजस्र टँकर क्रूड उतरवतात. दोन्ही शेजारी शेजारी. म्हणून म्हणतो पकडायचं कसं ते आधी बोला. युरोपात २००७ पासून क्लीनसीनेट आहे, उपग्रहाच्या रडारला तेलाचा पट्टा दिसला की जहाजांच्या एआयएसशी (जहाज आपली ओळख आणि जागा सतत कळवतं ती यंत्रणा) जुळवतात आणि पुढच्या बंदरात इन्स्पेक्टर उभा असतो. आपल्याकडे उपग्रह आहेत, हैदराबादच्या इन्कॉइसकडे तेल कुठे वाहत जाईल ते सांगणारी यंत्रणा आहे, कोस्ट गार्डकडे विमानं आहेत, बंदरात तपासणी करणारे सर्व्हेयर आहेत. हे चौघं एका दोरीत बांधा. रात्री पाइप जोडणारा माणूस नकाशाला घाबरत नाही, बंदरात कोणीतरी टाकीची पातळी मोजून वहीशी ताडून बघेल याला घाबरतो. मी घाबरलेले लोक बघितलेत.

कोचीत_मुक्काम:
इथे २५ मे २०२५ ला एमएससी एल्सा-३ बुडालं, ६४० कंटेनर, टाक्यांत ८४ टन डिझेल आणि ३६७ टन फर्नेस ऑइल. त्यानंतर किनाऱ्यावर प्लॅस्टिकचे बारीक दाणे आले ते गोळा करणारी माणसं मी बघितली, चाळणी घेऊन. केरळ सरकारने हायकोर्टात ९,५३१ कोटींचा दावा लावला. जहाज कोणाचं हे माहीत होतं म्हणून लावता आला. तुमच्या डांबराच्या गोळ्यांवर कोणाचं नाव आहे?

रापणकर_मालवण:
हाच तर प्रश्न आहे. जाळं खराब झालं की तलाठ्याकडे जा, तो म्हणतो मत्स्य खात्याकडे जा, ते विचारतात कुठलं जहाज. मी काय जहाजाचा नंबर घेऊन बसू काय? राखीव करा नाहीतर नका करू, आधी नुकसान कोण देणार ते सांगा मग मी तुमच्या अर्जावर सही करतो.

नकाशावेडा:
रापणकर, याला वाट आहे, लोकांना माहीत नाही म्हणून कोणी चालत नाही. भारत १९९२ च्या आंतरराष्ट्रीय तेल प्रदूषण भरपाई निधीत आहे. जहाज सापडलं नाही तरी हा निधी पैसे देऊ शकतो, अट एकच, तेल टँकरमधूनच आलं हे सिद्ध झालं पाहिजे. मालवाहू जहाजाच्या इंजिनचं तेल असेल तर हा निधी नाही लागू. म्हणजे दोनापावलांनी सांगितलेली ठसे जुळवायची तपासणी इथे पैशाची होते.

दोनापावला:
आणि त्यासाठी नमुना ताजा लागतो. काचेच्या बरणीत घ्यायचा, प्लॅस्टिकच्या नाही, झाकणाखाली अॅल्युमिनियम फॉइल, वर तारीख, वेळ, जागा, आणि लगेच थंडीत. पावसात महिनाभर पडून राहिलेला गोळा आणलात तर तेलाची ओळख पटणं फार कठीण जातं.

रापणकर_मालवण:
बर्फ आमच्याकडे आहे. पण आम्ही घेतलेला नमुना सरकार धरेल काय? पंचनामा मत्स्य खात्याच्या माणसासमोर व्हायला पाहिजे, आणि मे महिन्यात तो दर आठवड्याला किनाऱ्यावर यायला पाहिजे. हे अर्जात पहिल्या नंबरला घाला, आंग्रिया दुसऱ्या.

खाडीकाठ:
पहिल्या नंबरला नमुना आणि पंचनामा, दुसऱ्याला आंग्रियाचा पट्टा आणि त्यात छोट्या होड्यांना सूट, तिसऱ्याला बंदरातली फी. क्रमावर इंजिनरूमचं माझं भांडण चालू राहील ते राहू दे. उरणची_बाय, खाडीच्या तोंडाशी बूम ठेवायचा मुद्दा तुम्ही लिहून द्याल का? किती मीटर, कुठे ठेवायची, होड्या कोणाच्या, हे तुम्हालाच माहीत.

उरणची_बाय:
देते. रविवारी भाऊ दर्यातून आला की त्याच्याकडून खाडीच्या तोंडाची रुंदी भरतीची आणि ओहोटीची दोन्ही घेते.