रेट्रो कन्सोल नेमका कशाला म्हणायचं? पीएस२ धरायचा का, एक्सबॉक्स ३६० धरायचा का?

गिरणाकाठ

राम राम मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत जळगावात मुलांसाठी जुन्या व्हिडिओ गेमचं दालन मांडायचं आहे. हाताशी आहे ते असं: कॅसेटवाला टीव्ही गेम (६० पिनांचा, ९ व्होल्टचा अडॅप्टर), पहिला प्लेस्टेशन (पीएस१), प्लेस्टेशन २ (पीएस२) स्लिम, एक्सबॉक्स ३६० आणि टीव्हीच्या एचडीएमआयमध्ये खोचायची 'दहा हजार गेम'वाली काडी. फलकावर 'रेट्रो' लिहायचं तर यातलं काय बसतं? काही जण म्हणतात, वीस वर्षं झाली की रेट्रो. त्या हिशेबाने ३६० सुद्धा आत येतो (२००५), ते पटत नाही. आणि टीव्ही गेम म्हणजे निन्टेंडोची नक्कल, अस्सल नव्हे. तो ठेवावा की काढावा? ४३ इंची एलईडी टीव्ही आहे, पिक्चर ट्यूबचा डब्बा टीव्हीही एक मिळू शकतो. दिवसभर चालवताना काय बिघडतं तेही सांगा.

सोल्डर_धुळे

भाऊ, वर्षं मोजून हा प्रश्न सुटत नाही, कारण मोजायची कुठून इथेच घोळ आहे. पीएस२ जपानात मार्च २००० मध्ये आला, आणि उत्पादन थांबल्याची बातमी आली जानेवारी २०१३ मध्ये. 'हनुमान: बॉय वॉरियर' हा भारतात तयार झालेला गेम त्याच मशीनवर २००९ मध्ये निघाला. म्हणजे जन्माने तो २५ पार झालेला आणि बाजारातून उठल्याने बराच तरुण. दोन्ही तारखा खऱ्या आहेत, त्यामुळे वयावर निर्णय देणारे कायम भांडत राहणार.

मी मशीनला दोन प्रश्न विचारतो. पहिला: याचं चित्र कोणत्या टीव्हीसाठी बनलंय? फॅमिकॉम (निन्टेंडोचं कॅसेटवालं मशीन), सेगाचा मेगा ड्राइव्ह, पहिला प्लेस्टेशन हे बहुतेक वेळा २४० ओळींचं चित्र देतात, तेही पिक्चर ट्यूबच्या १५ किलोहर्ट्झच्या चालीवर (सेकंदाला साधारण १५ हजार ओळी). पीएस२ मुख्यतः ४८०आय (४८० ओळी, पण एका वेळी एकाआड एक अर्ध्याच), पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) असेल तर ५७६आय. चालीने तोही डब्ब्याचाच. दुसरा प्रश्न: डबीतून निघालेला गेम आहे तसा पूर्ण आहे का? कॅसेट खोचली, बटण दाबलं, गेम सुरू. ना अपडेट, ना खातं, ना इंटरनेट. दोन्हींना 'हो' आलं तर माझ्या लेखी रेट्रो.

आता लावून बघा. टीव्ही गेम, पीएस१, पीएस२ सरळ आत. सेगाचा ड्रीमकास्ट (१९९८) मोडेम घेऊन आला आणि व्हीजीए केबलवर ४८०पी (सगळ्या ४८० ओळी एका दमात) देतो, तरी गेम चकतीवर पूर्ण असतो, म्हणून आत. पहिला एक्सबॉक्स (२००१) काठावर आहे. हार्ड डिस्क आहे, २००२ पासून लाइव्ह ही ऑनलाइन सेवाही होती, पण बहुतेक गेम चकतीवरून जसेच्या तसे चालतात. मी त्याला आत घेतो. ३६० मात्र दोन्हीकडे अडतो: खेळ ७२०पीचे, २००७ पासून एचडीएमआय, आणि खातं, अपडेट, ऑनलाइन दुकान हे सगळं मशीनच्या रचनेतच. ते दुकान २९ जुलै २०२४ ला बंद झालं, पण दुकान बंद होणं म्हणजे मशीन रेट्रो होणं नव्हे. 'मागच्या पिढीचं' म्हणा हवं तर.

या कसोटीत खरी अडचण आहे ती निन्टेंडोच्या वी या मशीनची. २००६ चा, पण ४८०पीच्या वर जात नाही आणि एचडीएमआयही नाही.

केळीबाग_रावेर

कसोटी बरोबर शे भाऊ, पण नकलेबद्दल थोडं विस्ताराने, कारण खान्देशात 'व्हिडिओ गेम' म्हटलं की डोळ्यांसमोर तीच येते. गिरणाकाठभाऊ, ती काढू नका.

जपानचा फॅमिकॉम १५ जुलै १९८३ चा. त्याच्या कॅसेटला ६० पिना, त्याच्याच अमेरिकेतल्या अवताराला, एनईएसला, ७२. आपल्याकडच्या टीव्ही गेमला ६०च, म्हणजे तो फॅमिकॉमचा वारस. झाकण उघडलं तर हिरव्या बोर्डावर काळ्या एपॉक्सीचा गोळा दिसतो. मूळ मशीनमधला प्रोसेसर आणि चित्र काढणारी चिप अशा दोन्ही गोष्टी एकाच चिपमध्ये घालून त्या गोळ्याखाली झाकलेल्या असतात. म्हणजे कॅसेटमधला कोड तिथे सॉफ्टवेअरची मधली पायरी न घेता थेट सर्किटवर चालतो. नक्कल असली तरी यंत्र म्हणून अस्सल आहे. फलकावर 'फॅमिकॉमची नक्कल' असं स्वच्छ लिहा, की कुणाची फसवणूक होत नाही.

एक फरक मुलांना दाखवण्यासारखा आहे. आपले बरेच टीव्ही गेम पाल टीव्हीसाठी सेकंदाला ५० चित्रं देतात आणि गेम लिहिलेले ६० चित्रांसाठी. त्यामुळे खेळ साधारण १७ टक्के संथ चालतो, संगीतही तितकंच ओढलं जातं. शेजारी काडीवर तोच गेम लावा, लगेच जाणवेल. काही नकलांमध्ये आवाजाच्या दोन लहरींची रुंदी उलटसुलट जोडलेली असते, म्हणून ओळखीची धूनही कर्कश वाटते.

ती काडी मात्र रेट्रो नाही. आत छोटा संगणक आणि एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) आहे. निन्टेंडोचा २०१६ चा मिनी किंवा सोनीचा डिसेंबर २०१८ चा प्लेस्टेशन क्लासिक, दोन्ही त्याच जातीचे. गेम जुने, यंत्र नवं. ठेवायचीच असेल तर वेगळ्या टेबलावर ठेवा.

वायरमन_शहादा

बिघाडाचं मी सांगतो. टीव्ही गेमच्या दहा तक्रारींतल्या बऱ्याचशा विजेच्या असतात, आणि आपल्या भागात तर हमखास.

आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो. त्याला आत किमान ७ व्होल्ट लागतात, तेव्हा तो बाहेर ५ देतो. सोबतचा जड, ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर २३० व्होल्टवर ९ देतो. गावात संध्याकाळी लाइन १८० ला उतरली की तोच ७ वर येतो, त्यात लहर (व्होल्टचा सततचा चढउतार) धरली तर क्षणोक्षणी ७ च्या खाली. मग पडद्यावर आडवे पट्टे सरकतात, गेम मध्येच रिसेट होतो, आणि लोक कॅसेट फुंकत बसतात. कॅसेटचा काही दोष नसतो.

उलट बाजूही आहे. हाच अडॅप्टर भार नसताना १२-१३ व्होल्ट दाखवतो. भाराखालीही १२ राहिला आणि मशीन ०.४ अँपिअर घेत असेल, तर ७ × ०.४ = २.८ वॉट नुसती उष्णता ७८०५ मध्ये. पत्र्याचा तुकडा न लावलेला रेग्युलेटर एवढी उष्णता तासन् तास सोसत नाही. तो स्वतःला बंद करतो आणि थंड झाला की परत चालू होतो. 'अर्धा तास चालतो नि बंद पडतो' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच.

उपाय: १०० ते २४० व्होल्टवर चालणारा, ९ व्होल्ट १ अँपिअरचा एसएमपीएस (हलका, इलेक्ट्रॉनिक) अडॅप्टर घ्या. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये विचारा. पण खोचण्याआधी ध्रुव तपासा. मूळ फॅमिकॉमला मधली पिन ऋण असते. नकलांमध्ये काहींना ऋण, काहींना धन. मशीनवर छापलेली खूण बघा. नसेल तर झाकण उघडून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड असेल तर बीप देणारी सोय) ठेवा आणि ७८०५ चा मधला पाय (तो ग्राउंड) जॅकच्या कोणत्या टोकाला जोडलाय ते शोधा. जिथे बीप, ते टोक ऋण. वाटेत संरक्षक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असेल तर बीप येणार नाही, तेव्हा डायोडची दिशा बघा. उलटा जोडला आणि डायोड नसला, तर रेग्युलेटर जातो, कधी तो काळा गोळाही. गोळा गेला की बोर्ड गेला.

फुगलेले किंवा बुडाशी ओल दिसणारे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर बदला: मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि १०५ अंशांचे. ८५ अंशांचे आपल्या उन्हाळ्यात लवकर वाळतात. बदलताना पट्ट्याची बाजू ऋण, ती चुकवू नका.

आणि कॅसेट फुंकू नका. तोंडातली ओल कॅसेटच्या तांब्याच्या पट्ट्यांवर बसते नि गंज धरते. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानकाडी, एकाच दिशेने हलका हात, मग दहा मिनिटं सुकू द्या. दवाखान्यातलं स्पिरिट नको, त्यात पाणी बरंच असतं. पॉलिश पेपर तर मुळीच नको. वरचा मुलामा गेला की ती पट्टी पुन्हा पुन्हा काळी पडते.

गिरणाकाठ

वायरमनदादा, फार उपयोगी. आता जोडणीचं: कोणतं मशीन कोणत्या टीव्हीला? एलईडीला पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिना नाहीत, एकच गोल भोक आहे, त्यावर 'एव्ही' लिहिलंय.

सोल्डर_धुळे

ते भोक ३.५ मिलिमीटरचं, चार पट्ट्यांचं असतं. बाजारात तशीच दिसणारी केबल मिळते, पण ग्राउंड आणि चित्राची पट्टी अदलाबदल केलेली असू शकते. अशी केबल लावली तर गुणगुण ऐकू येते, चित्र काळंपांढरं किंवा नाहीच. टीव्हीच्याच कंपनीची घ्या, किंवा मल्टिमीटरने जुळवून घ्या.

टीव्ही गेम आणि पीएस१ डब्ब्याला जोडा. पुष्कळ एलईडी टीव्ही २४० ओळींच्या चित्राला ४८०आय समजतात आणि दोन चित्रं एकत्र शिवतात. त्यात एकाआड एक चित्राला लुकलुकणारी सावली कधी पूर्ण गायब होते, कधी कंगव्यासारखी फाटते, शिवाय बटण आणि उडी यांत जाणवेल इतका उशीर. एव्हीचं एचडीएमआय करणारी स्वस्त डबीही हेच करते. टीव्ही गेमची खेळातली बंदूक असेल तर ती डब्ब्यावरच चालेल. ट्रिगर दाबल्यावर पडदा क्षणभर काळा होतो, लक्ष्याच्या जागी पांढरा ठिपका येतो, आणि नळीतला सेन्सर तो त्याच क्षणी शोधतो. एलईडीचा उशीर त्याला चालत नाही. डब्बा मात्र मागून उघडू नका, बंद असतानाही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहतात.

पीएस२ एलईडीवर चालवता येईल, पण तेही कंपोनंट केबलने (लाल, हिरवी, निळी, अधिक आवाजाच्या दोन), टीव्हीला ती सोय असेल तरच. आधी पिवळ्या पिनेवर चालू करून सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये कंपोनंट व्हिडिओ आउट हा पर्याय वाय-सीबी-सीआरवर न्या, मग केबल बदला. क्रम उलटा केला तर रंग हिरवट किंवा विचित्र दिसतात. टीव्हीवर गेम मोड चालू.

केळीबाग_रावेर

स्लिममध्ये आणखी एक बघा. मॉडेल ७०००० ते ७९००० मालिकेतलं असेल तर बाहेरचा ८.५ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. ९०००० मालिकेत तो आतच असतो. टीव्ही गेमचा ९ व्होल्टचा चुकून त्याला जाऊ नये म्हणून दोन्ही पिनांना रंगीत चिकटपट्टी लावा. दर वेळी घड्याळ मागे गेलं तर आतला सीआर२०३२ सेल संपलाय, सेव्ह केलेले खेळ मेमरी कार्डवर शाबूत असतात. पण कॅसेटमध्ये सेव्हची बॅटरी असेल आणि ती मेली, तर तिथलं सगळं पुसलं जातं.

पीएस१ वर गेममधला चित्रपट अडखळत असेल आणि मॉडेल सुरुवातीचं असेल, तर लेझर ज्या प्लॅस्टिकच्या रुळावर सरकतो तो झिजलेला आहे. मशीन उभं किंवा उलटं ठेवलं की चालतं, हे ऐकीव नाही; झिजलेल्या बाजूचा झुकाव वजनाने भरून निघतो. दालनासाठी तेवढं पुरेल, कायमचा उपाय नवं लेझर युनिट. चकती सतत कटकट वाजवत वाचायचा प्रयत्न करत असेल तर लगेच बंद करा, ओरखडे असलेली चकती मुलांच्या हाती देऊच नका.

वायरमन_शहादा

दोन मशीनमध्ये एक वीत मोकळी जागा आणि खाली कापड नको, लाकडी फळी. पिवळं पडलेलं झाकण पांढरं करायला हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवणार असाल, तर आपल्याकडचं दुपारचं ऊन टाळा. काम मुख्यतः अतिनील किरण करतात, आणि तापलेलं एबीएस प्लॅस्टिक वाकतं. सकाळी आठ ते दहा, बोर्ड आणि स्क्रू आधी काढून, हातमोजे घालून, दर अर्ध्या तासाने लेप सारखा करत. लेप वाळला तर तिथे पांढरे डाग पडतात आणि ते परत निघत नाहीत.