सोर्स कोडला लिंक द्यायला स्वतःची यूआरआय स्कीम करतोय, कशी आखावी?

सातरस्ता_देव
नमस्कार मंडळी. सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखान्यांसाठी स्टॉक आणि मजुरीचं सॉफ्टवेअर करतो आम्ही, पाच जण आहोत. कुठला नियम का ठेवलाय याच्या नोट्स साध्या टेक्स्ट फायलीत लिहितो आणि नोटमधल्या लिंकवर क्लिक केलं की एडिटरमध्ये बरोबर ती ओळ उघडावी एवढंच पाहिजे होतं, म्हणून मागच्या महिन्यात विंडोजच्या रजिस्ट्रीत एक यूआरआय स्कीम टाकली (लिंकच्या सुरुवातीचं 'एचटीटीपी'सारखं नाव, त्यावरून कुठला प्रोग्रॅम उघडायचा ते ठरतं), आधी 'कोड', मग कोलन, दोन स्लॅश, मग डी ड्राइव्हपासूनचा पूर्ण पाथ आणि शेवटी कोलन देऊन ओळ नंबर. (टाइप इंग्रजीतच करतो, इथं देवनागरीत सांगतोय.)

माझ्या मशीनवर चालतंय. पण दोघं जण उबुंटूवर आहेत, त्यांच्याकडं डी ड्राइव्हच नाही. आणि दुसरं त्याहून वाईट. टॉवेल डझनात येतो, मजुरी नगावर निघते, त्या रूपांतराची ओळ होती २१२ आणि नोटमध्ये तिची लिंक. परवा नव्यानं आलेल्या मुलीनं लिंक उघडली तर समोर नुसता बंद होणारा कंस, कारण मध्ये कुणीतरी वर ३४ ओळी घातल्यात. तिनं त्याच्या खालचं फंक्शन हेच असणार समजून बदललं. शुक्रवारी रात्री सापडलं म्हणून बरं, नाहीतर शनिवारच्या पगारात कामगारांचे पैसे कमी गेले असते. तेव्हापासून डोक्यात हेच आहे, नीट कसं करायचं सांगा.

चाटीगल्ली_८७
देव, तुमच्या लिंकमध्ये कोड 'कुठे ठेवलाय' ते लिहिलंय, 'कुठला कोड' ते लिहिलंच नाही. घरचा पत्ता दिला आणि माणसाचं नाव नाही सांगितलं असं झालं ते. लिंकमध्ये रिपॉझिटरीचं (गिटमधल्या कोडच्या साठ्याचं) नाव, कमिटचा हॅश (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाचा ओळख नंबर), रिपॉझिटरीच्या आतला पाथ आणि ओळ एवढंच ठेवा. ती रिपॉझिटरी कुणाच्या मशीनवर कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे ज्याच्या त्याच्या छोट्या कॉन्फिग फायलीत. मग विंडोज काय, उबुंटू काय, लिंक एकच राहते.

ते दोन स्लॅश काढा हो आधी. आरएफसी ३९८६ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे कागद) प्रमाणे दोन स्लॅशनंतर जे येतं ते होस्ट, म्हणजे सर्व्हरचं नाव, म्हणजे तुमचा 'डी कोलन' हा डी नावाचा होस्ट आणि पुढं रिकामा पोर्ट असा वाचला जातो, आणि रिकाम्या पोर्टचा कोलन नॉर्मलाइज करताना (लिंक ठरलेल्या एकाच रूपात आणताना) गाळला तरी नियमात बसतं. शिवाय होस्टमध्ये कॅपिटल-स्मॉल असा फरक नसतो, पायथनच्या पार्सरला होस्टनेम मागा, स्मॉल करूनच देतो. रिपॉझिटरीचं नाव तिथं ठेवलं आणि त्यात कॅपिटल अक्षर असलं की उबुंटूवर फोल्डर सापडत नाही, आणि हे शोधायला मला पूर्ण दिवस गेलाय. सर्व्हर नसेल तर नुसता एक कोलन आणि पुढं पाथ.

नावाबद्दल, 'कोड' फार सर्वसाधारण आहे, उद्या दुसरं कुठलं सॉफ्टवेअर तेच नाव घेऊन बसेल. २०१५ च्या आरएफसी ७५९५ मध्ये खासगी स्कीमसाठी आपलं डोमेन उलटं लिहून नाव करायचा सल्ला आहे. पहिलं अक्षर हवं, पुढं अक्षरं, आकडे, प्लस, डॅश आणि टिंब चालतात. अंडरस्कोअर चालत नाही, तिथं बरेच जण फसतात.

भुईकोट_लिनक्स
स्वतःची स्कीम कशाला पण? गिटहबवर फाइल उघडून वाय दाबा, ब्राँचच्या जागी कमिटचा हॅश असलेली पक्की लिंक मिळते, ओळीसह. फोनवर उघडते, व्हॉट्सॲपवर पाठवता येते. स्वतःच्या स्कीमची लिंक बऱ्याच चॅटमध्ये निळी सुद्धा होत नाही.

सातरस्ता_देव
आमचा कोड ऑफिसमधल्याच सर्व्हरवर आहे दादा, आणि नेट गेलं तरी चालायला पाहिजे. शिवाय मला वाचायचं नाही, एडिटरमध्ये उघडून बदलायचंय.

होटगीरोड
व्हीएस कोडची स्वतःची स्कीम आहेच फाइल आणि ओळ उघडायला, पण तिला तुमच्या मशीनवरचा पूर्ण पाथ लागतो, म्हणजे देवसाहेबांची तीच अडचण. म्हणून मध्ये आपला छोटा प्रोग्रॅम पाहिजे, तो आपली लिंक सोडवून एडिटरला पाथ देईल. उबुंटूवर डेस्कटॉप फाइलमध्ये एक्स-स्कीम-हँडलर लिहून रजिस्टर होतो.

आता खरा मुद्दा, २१२ ची २४६ झाली ते. नुसता कमिट टाकून भागत नाही, जुनी फाइल दिसेल पण बदलायची असते आजची. आम्ही असं करतो, लिंक उघडताना त्या कमिटपासून आजपर्यंतचा त्या फायलीचा गिट डिफ (दोन आवृत्त्यांतला फरक) काढतो, आजूबाजूच्या ओळी शून्य ठेवून, आणि आपल्या ओळीच्या वर जेवढ्या वाढल्या तेवढ्या मिळवायच्या, गेल्या तेवढ्या वजा. तुमच्या केसमध्ये ३४ मिळून बरोबर २४६ वर गेला असता. आणि ती ओळच बदलली असेल तर अंदाजानं कुठंही उडी मारायची नाही, जुनं आणि नवं शेजारी शेजारी दाखवायचं आणि 'ही ओळ बदलली आहे' असं स्पष्ट लिहायचं. हे मी परत सांगतो, चुकीच्या जागी गुपचूप उघडणारी लिंक तुटलेल्या लिंकपेक्षा वाईट, तुमच्या त्या मुलीची यात काहीच चूक नाही.

हॅश पूर्ण ४० अक्षरी ठेवा. आणि मेन या मुख्य ब्राँचमध्ये गेलेल्या कमिटचाच ठेवा, रिबेस केलेल्या (कमिट नव्यानं रचलेल्या) ब्राँचचा जुना कमिट गिट काही दिवसांनी साफ करून टाकतो.

ओळ फ्रॅगमेंटमध्ये, म्हणजे लिंकच्या शेवटी # चिन्हानंतर, लिहायची असेल तर आरएफसी ५१४७ बघा, तिथं 'लाइन बरोबर' अशी पद्धत आहे पण मोजणी ओळींच्या मधल्या जागांची आहे, शून्यापासून, म्हणजे पहिली ओळ ०,१ अशी येते. एडिटर १ पासून मोजतो. काय धरलंय ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

नवीपेठ_ताई
एक राहिलं सगळ्यांचं. ही स्कीम रजिस्टर झाली की कुठलंही वेबपेज, कुठलाही मेल तुमच्या प्रोग्रॅमला हवा तो मजकूर पाठवू शकतो. ब्राउझर एकदा विचारतो, लोक हो म्हणतात. म्हणून पर्सेंट-एन्कोडिंग (% लावून लिहिलेली अक्षरं) एकदाच सोडवायचं, मग टिंब-टिंब (वरच्या फोल्डरमध्ये जाणारं) वगैरे सोडवून अंतिम पाथ रिपॉझिटरीच्या आतच आहे का तपासायचं, कमिटच्या हॅशमध्ये ४० हेक्स अक्षरांशिवाय (० ते ९, ए ते एफ) काही आलं तर तिथंच थांबायचं. एडिटर किंवा गिट चालवताना शेलमधून स्ट्रिंग जोडून चालवू नका, आर्ग्युमेंट वेगवेगळे द्या, आणि पाथच्या आधी डबल डॅश, नाहीतर डॅशनं सुरू होणारा पाथ ऑप्शन म्हणून वाचला जातो. आणि लिंकनं फक्त उघडायचं, काही चालवायचं नाही.

सातरस्ता_देव
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून केलं, दोन स्लॅश गेले, नाव डोमेनवरून ठेवलं, डिफचं गणित घातलं आणि ताई म्हणाल्या ते तपासणं पण. जुन्या नोट्समध्ये १४० लिंक आहेत, त्यांना कमिटच नाही. ते कसं शोधू?

होटगीरोड
नोट्स पण गिटमध्ये आहेत ना? मग प्रत्येक लिंकच्या ओळीवर गिट ब्लेम लावा, ती कोणत्या दिवशी लिहिली ते कळेल, आणि त्या वेळेआधीचा कोडचा शेवटचा कमिट धरा. पण स्क्रिप्टनं भरून सोडून देऊ नका, मजुरीच्या लिंका तरी एकेक उघडून डोळ्यांनी बघा.

सातरस्ता_देव
नोट्स गिटमध्येच आहेत. मजुरीच्या २३ आहेत, उद्या सकाळी त्या मुलीलाच शेजारी घेऊन बसतो.