ड्रायव्हरने अडॅप्टरला आधी विचारावं का? (तुर्भ्याच्या शून्य अंशांवरून)

रबाळेकर

ऑफिसात कोडच्या एका ओळीवरून भांडण झालं: ड्रायव्हरने (सेन्सरशी बोलणारा कोड) काम सुरू करण्याआधी अडॅप्टरला, म्हणजे बस चालवणाऱ्या कंट्रोलरला, काय काय जमतं ते विचारावं का? मिटलं नाही, म्हणून इथे टाकतोय.

तुर्भ्याला एका कोल्ड स्टोरेजमध्ये आमचे तापमान नोंदवणारे डबे बसवलेत. आत आयटूसी बसवर (चिपांना आपसात बोलायला लागणाऱ्या दोन तारा) एलएम७५ हा तापमानाचा सेन्सर. ड्रायव्हर मीच लिहिलेला, एका एआरएम बोर्डावर, आणि तिथे दोन वर्षं बिनतक्रार चालला. यंदा ग्राहकाने बोर्डाऐवजी इंटेल चिपसेटचा इंडस्ट्रियल पीसी घेतला. सेन्सर पीसीच्या बसला जोडला, ड्रायव्हर पुन्हा कंपाइल केला, लोड झाला, स्क्रीनवर ०.० अंश. सफरचंदांच्या खोलीत ०.० दिसलं तर शंका कोण घेणार? चार दिवस सगळे खूश. पाचव्या दिवशी दार उघडं राहिलं, आतल्या हमालाला घाम फुटला, आणि स्क्रीन आपली ०.० वरच.

झालं होतं असं. आयटूसी १९८२ची, फिलिप्सची. तिच्यावरूनच १९९५ साली एसएमबस ही तिची पीसीमधली बहीण आली, पण त्या बसवर व्यवहार ठरलेल्या साच्यातलेच: एक बाइट, एक वर्ड, जास्तीत जास्त ३२ बाइटांचा ब्लॉक. पीसीमधला कंट्रोलर निव्वळ एसएमबसचा. माझा कोड मात्र कच्चे आयटूसी मेसेज पाठवत होता. कर्नल (लिनक्सचा गाभा) प्रत्येक वेळी उणे ९५ परत देत होता, म्हणजे ‘हे मला जमत नाही’. त्याबद्दलचा संदेश डीबग पातळीवरचा, त्यामुळे लॉगमध्ये चिटपाखरू नाही. माझ्या रीड फंक्शनने परत आलेला आकडा बघितलाच नाही, बफर (वाचलेले बाइट ठेवायची जागा) आधीच शून्याने भरलेला. झालं, ०.० अंश.

माझं म्हणणं एवढंच: प्रोबमध्ये (ड्रायव्हर चिपला लागताना चालणारं फंक्शन) पहिल्या दोन ओळींत अडॅप्टरला विचारा, तुला हे हे येतं का? नाही म्हणाला तर तिथेच बाहेर पडा, ड्रायव्हर लागूच देऊ नका. कर्नलमधला एलएम७५चा ड्रायव्हर हेच करतो, बाइट आणि वर्ड दोन्ही येतात का ते विचारूनच पुढे जातो. खर्च काय, तर एक फंक्शन कॉल आणि बिटांचं एक अँड. मी तो चोथा समजून गाळला होता.

तीन_हात_नाका

कबुलीजबाब आवडला, पण रोगनिदान चुकलं. तुमचा बग तपासणी न केल्याचा नाही, रिटर्न व्हॅल्यू गिळल्याचा आहे. उणे ९५ आला होता ना? कर्नलने सांगितलं, तुम्ही ऐकलं नाही. आता म्हणताय आधीच विचारायला हवं होतं. जो माणूस उत्तर ऐकत नाही त्याने दोनदा विचारून काय होणार?

आम्ही वागळे इस्टेटमध्ये स्वतःचे बोर्ड बनवतो. कंट्रोलर कुठला ते डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय काय आहे ते कर्नलला सांगणारी फाइल) लिहिलेलं, सोल्डर केलेलं, पाच वर्षं बदलणार नाही. तिथे ही तपासणी म्हणजे देवळात शिरताना वाजवायची घंटा. वाजवली म्हणून पूजा होत नाही.

रबाळेकर

@तीन_हात_नाका, रिटर्न व्हॅल्यू गिळली हे शंभर टक्के मान्य, त्याबद्दल बॉसकडून खाऊन झालंय. पण समजा गिळली नसती. तरी चूक कळली असती पहिल्या रीडला, आणि तोवर ड्रायव्हरने चिपला अर्धंमुर्धं कॉन्फिगर केलेलं असू शकतं. काही व्यवहार कंट्रोलरला जमतात, काही नाहीत. बाइट लिहिला गेला, ब्लॉक वाचताना फसलं, आता चिप अधांतरी. प्रोबमध्ये विचारलं तर बसवर एक बिटही न जाता कळतं, तेही आपल्या टेबलावर. ट्रान्स-हार्बर पकडून तुर्भ्याला जावं लागत नाही.

आणि ‘बोर्ड बदलणार नाही’ हे मीही म्हणत होतो.

सोल्डरबाई

दोघंही २०१० सालात भांडताय. रेजमॅप वापरा की, चिपचे रजिस्टर वाचण्या-लिहिण्याची कर्नलमधली तयार सोय! तो सुरुवातीलाच अडॅप्टरकडे बघतो. पूर्ण आयटूसी असेल तर ते घेतो. नसेल तर रजिस्टर आणि व्हॅल्यूच्या रुंदीप्रमाणे एसएमबसचा ब्लॉक, वर्ड किंवा बाइट यांपैकी जमेल ते. काहीच नसेल तर स्वच्छ एरर देतो. रबाळेकरांचा ड्रायव्हर रेजमॅपवर असता तर त्या पीसीवर वर्ड व्यवहाराने मुकाट चालला असता. मुळात वाचायचे दोन बाइट!

ईईप्रॉमचा (छोट्या मेमरी चिपचा) एटी२४ ड्रायव्हरही बघण्यासारखा आहे. तो अडॅप्टर बघून स्वतःचा हात आखडता घेतो, ‘नाही’ ऐकलं की लगेच घरी जात नाही. मला खरा मुद्दा तो वाटतो. विचारायचं ते नुसतं नकार देण्यासाठी नाही.

अवांतर: ऐरोलीकडे कुणाकडे जुना लॉजिक अ‍ॅनालायझर विकायचा असेल तर व्यनि करा.

खाडीकाठचे_काका

तीस वर्षं हेच केलं, म्हणून बोलतो. तपासणी करावी, पण तिच्यावर विसंबू नये. अडॅप्टर जे ‘येतं’ म्हणून सांगतो तो लग्नाचा बायोडेटा असतो. गृहकृत्यदक्ष लिहिलेलं असतं, घोरतो ते लिहीत नाहीत.

उदाहरण देतो. पहिल्या रास्पबेरी पायवरचा बीसीएम२८३५. विचारा त्याला, पूर्ण आयटूसी येतं म्हणेल, आणि खोटं नाही ते. पण सेन्सरने ‘जरा थांब’ म्हणून क्लॉकची तार खाली धरून ठेवली, ज्याला आपण क्लॉक स्ट्रेचिंग म्हणतो, तर त्याच्या हार्डवेअरमधल्या दोषामुळे डेटा बिघडू शकतो. फंक्शनॅलिटीच्या बिटांमध्ये (अडॅप्टर ‘हे हे येतं’ म्हणून सांगतो ती यादी) याला जागाच नाही. त्यासाठी क्वर्क्स म्हणून वेगळी यादी आहे, ती वेगळी विचारावी लागते. एका वेळी किती बाइट झेपतात तेही त्याच यादीत. ड्रायव्हर लिहिणाऱ्या किती पोरांनी ती उघडून बघितलीय?

तीन_हात_नाका

काका, म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूचे झालात. बिटं पूर्ण खरं सांगत नाहीत, मग विचारून उपयोग काय?

खाडीकाठचे_काका

नाही बाबा. बायोडेटात सगळं नसतं म्हणून कुणी बायोडेटा बघायचा सोडत नाही. ‘येतं’ म्हणाला तर अर्धवट खरं माना. ‘नाही येत’ म्हणाला तर मात्र पूर्ण खरं. तुझा फायदा त्या दुसऱ्या उत्तरात आहे.

रबाळेकर

काकांनी माझं काम केलं. त्यात थोडी भर. @तीन_हात_नाका, तुम्ही पॉवर सप्लायवर पीएमबस (एसएमबसवरच चालणारी, सप्लायशी बोलायची भाषा) वापरता असं मागे एका धाग्यात लिहिलं होतंत. त्यात उत्पादकाचं नाव वाचायला एसएमबस ब्लॉक रीड लागतो. त्यात पहिला बाइट लांबीचा, आणि तो चिप पाठवते. म्हणजे किती वाचायचं ते कंट्रोलरला व्यवहार अर्ध्यावर असताना कळतं. पुष्कळ साधे आयटूसी कंट्रोलर सुरुवातीलाच लांबी मागतात, त्यांना हे जमत नाही. कर्नल बाकीचे एसएमबस व्यवहार कच्च्या आयटूसीवर बनवून देतो, पण हा एक सर्रास ‘नाही’ असतो. तुमच्या त्या पाच वर्षं न बदलणाऱ्या बोर्डावर आयटूसीडिटेक्ट ही कमांड चालवा, मोठं एफ आणि बसचा नंबर देऊन. एफ विसरू नका. एफशिवाय तो बसवरचे पत्ते धुंडाळत सुटतो, आणि काही चिपांना ते सोसत नाही. एफ दिलं की फक्त अडॅप्टरला विचारतो.

सोल्डरबाई

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

तीन_हात_नाका

चालवलं. ब्लॉक रीडसमोर ‘नो’ आहे.

आता कळलं, आमच्या स्क्रीनवर उत्पादकाचं नाव दोन वर्षं कोरं का दिसतंय. आम्ही ते सप्लायवाल्याच्या माथी मारलं होतं, तीन ईमेल झाल्या होत्या. तिथे एरर गिळणारा कोण ते मी इथे सांगणार नाही.

तरीही, रिटर्न व्हॅल्यू तपासली असती तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. मूळ मुद्दा सोडत नाहीये. प्रोबमधली ती ओळ सोमवारी टाकतो.

रबाळेकर

टाका. आणि सप्लायवाल्याला चौथी ईमेल.