टाइप केलेल्या सूत्राची किंमत १० लाख बिंदूंवर झटपट कशी काढावी? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आलेख काढणारा छोटा प्रोग्राम पायथनमध्ये लिहिलाय. वापरणाऱ्याने एक्स-वायमधलं सूत्र टाइप करायचं, सोबत 'ए' या स्थिरांकाचा स्लायडर. जाळी १००० गुणिले १०००, म्हणजे एका चित्रामागे सूत्र १० लाख वेळा काढायचं. स्लायडर जरा हलवला की पुन्हा पहिल्यापासून. खिडकी गोठते.

आधी प्रत्येक बिंदूला सरळ इव्हॅल (स्ट्रिंग कोड म्हणून चालवणारं फलन) करत होतो, म्हणजे तीच स्ट्रिंग १० लाख वेळा पार्स होत होती, तिचा अर्थ नव्याने लावला जात होता! (उशिरा लक्षात आलं, हसू नका.) मग एकदाच कंपाइल करून ठेवलं. फरक पडला, पण पुरेसा नाही. सिंपाय या बीजगणिताच्या लायब्ररीचं सब्स (चलाच्या जागी किंमत भरणं) तर त्याहून संथ निघालं.

लॅम्बडिफाय करून (सिंपायच्या सूत्राचं साधं फलन बनवून) त्याला नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचे अख्खे ॲरे (संख्यांचे तक्ते) दिले की साधी सूत्रं झकास पळतात. घोडं अडलंय ते शर्तींपाशी. समजा, एक्स ऋण नसेल तर वर्गमूळ, नाहीतर शून्य. नमपायच्या व्हेअर या शर्तीनुसार निवडणाऱ्या फलनाला दोन्ही फांद्या आधीच सगळ्या बिंदूंवर काढून द्याव्या लागतात, मग ते निवडतं. उत्तर बरोबर, पण बरंच काम फुकट, वर ऋण संख्येच्या वर्गमुळाचे इशारे. ते दाबता येतील, वेळेचं काय?

नंबा (पायथन कोड यंत्रभाषेत कंपाइल करणारी लायब्ररी) वापरला तर शर्ती सुटतील, पण सूत्र टाइप होत असतानाच चित्र बदलायला हवंय. दर अक्षरागणिक नवं कंपाइल परवडेल का? सी-मध्ये स्वतःचा पार्सर लिहायची तयारी आहे, पण अगदीच नाइलाज झाला तर.

प्रतिसाद १:
पार्सर राहू द्या. स्लायडरने फक्त 'ए' बदलतो ना? मग ज्या उपपदांत 'ए' नाही, त्यांचे ॲरे एकदा काढून जपून ठेवा. 'ए गुणिले साइन(एक्स वाय)' यात महागडं साइन दर वेळी कशाला? 'ए' मात्र स्ट्रिंगमध्ये घुसवू नका, आर्ग्युमेंट म्हणून द्या. शर्तीसाठी मास्क करून (शर्त पाळणारे बिंदू वेगळे निवडून) तेवढेच बिंदू काढा. टाइप करताना विरळ जाळी आणि नमपाय, हात थांबला की नंबा.

प्रतिसाद २:
आणि हे इतर लोक वापरणार असतील तर सांभाळा. स्ट्रिंगचं सूत्र करणारं सिंपायचं सिंपिफायसुद्धा आतून इव्हॅलच वापरतं, म्हणजे कोणी टाइप केलेला भलताच कोडही चालू शकतो. चालणारी फलनं आणि चिन्हं आधी चाळून घ्या.

धागाकर्ता:
'ए' नसलेली उपपदं! हे डोक्यातच नव्हतं आलं. पण 'साइन(ए एक्स)' आलं की? तिथे जपण्यासारखं काही उरत नाही ना?

प्रतिसाद १:
आहे की. त्यात वाय नाही, मग १००० किमती काढा आणि ब्रॉडकास्ट करा, म्हणजे त्याच किमती वायच्या प्रत्येक किमतीला वापरल्या जातील.