बॉब यूकर 'पडेल खेळाडू, बियरचा विदूषक'? मग बोलूच!

दाणे_आणि_स्कोअरकार्ड:
खडू_डस्टर यांनी काल लिहिलं की बॉब यूकर (अमेरिकेचा बेसबॉल खेळाडू, पुढे रेडिओ समालोचक) म्हणजे पडेल खेळाडू आणि बियरच्या जाहिरातीतला विदूषक, आणि अमेरिकनांना मेलेल्या माणसाला संत करायची खोड आहे म्हणून एवढा गहजब. दोन ओळींत उत्तर देऊन भागेना, म्हणून हा वेगळा धागा.

पडेल होता, मान्य. सहा मोसम, २९७ सामने, १४ होमरन (आपल्या षटकारासारखे), फलंदाजीची सरासरी .२००, म्हणजे पाचांत एकदाच हिट. कॅचर (आपला विकेटकीपर) असून १९६७ साली नॅशनल लीगमधे सर्वात जास्त पास्ड बॉल (हातून सुटलेले चेंडू) त्याच्याच खात्यात. पण ही सगळी लाज चव्हाट्यावर मांडली कुणी? त्यानेच. नाचता येईना की अंगण वाकडं म्हणणारे माजी खेळाडू पैशाला पासरी मिळतात. हा गडी पन्नासेक वर्षं सांगत राहिला की अंगण झकास होतं, मलाच नाचता येत नव्हतं. १९५६ला गावच्याच मिलवॉकी ब्रेव्हज संघाने तीन हजार डॉलरला करार केला, तर म्हणे वडील हबकले, 'एवढे पैसे द्यायचे कुठून?' १९६४ला सेंट लुईस कार्डिनल्सबरोबर वर्ल्ड सिरीज (मोसमाची अंतिम मालिका) जिंकला तेव्हा सातही सामने दुसरा कॅचर टिम मॅकार्व्हर खेळला. यूकरची त्या सिरीजमधली आठवण काय, तर सामन्याआधी बँडवाल्यांचा ट्यूबा (मोठ्या तोंडाचं पितळी वाद्य) उचलून त्यात चेंडू झेलले.

आणि मग १९७१ ते २०२४, तब्बल ५४ मोसम मिलवॉकीच्याच ब्रूअर्स संघाच्या रेडिओवर समालोचन. विदूषकाला इतकी वर्षं माइक कुणी देत नाही हो. मोसमाला १६२ सामने, त्यातले निम्मे रटाळ. विनोद तिसऱ्या इनिंगपर्यंत संपतात. पुढे चेंडू कुठे पडला, पिचर (गोलंदाज) दमलाय का, हे नीट सांगता आलं नाही तर लोक बटण फिरवतात. २००३चा फोर्ड फ्रिक हा समालोचनाचा मोठा पुरस्कार काय बियर पिऊन मिळाला?

खडू_डस्टर:
नावानिशी धागा काढलात, धन्य झालो.

माइक कसा मिळाला तेही लिहा की. ब्रूअर्सचे तेव्हाचे मालक बड सेलिग यांनी त्याला आधी स्काउट (नवे खेळाडू हेरणारा) म्हणून घेतलं. अहवाल आला तो बटाट्याच्या लगद्याने आणि ग्रेव्हीने माखलेला. हे सेलिगच हसत हसत सांगायचे. तुम्ही-आम्ही साहेबाला असा कागद दिला तर संध्याकाळी हातात नारळ. ह्याला रेडिओ मिळाला. पुढे टीव्हीवर जॉनी कार्सनच्या गप्पांच्या शोमधे शंभरेक हजेऱ्या, 'मिस्टर बेसबॉल' ही पदवी, मग कुस्तीच्या तमाशात आंद्रे द जायंटकडून गळा आवळून घेणं. ह्याला समालोचनाची कारकीर्द म्हणतात?

समालोचक व्हिन स्कली बघा. व्यावसायिक बेसबॉलचा एक सामना नाही खेळला आणि डॉजर्ससाठी ६७ मोसम बोलला. समालोचक हॉवर्ड कोसेल 'जॉकोक्रसी' (खेळाडूशाही) म्हणून बोंबलत होता ते उगाच नाही. खेळाडू रिटायर झाला की आपोआप माइकचा धनी. आमच्याकडे टेनिस बॉल स्पर्धांत मी कॉलेजपासून समालोचन केलं. फायनलला मात्र दर वर्षी कुणीतरी 'माजी' पाहुणा आणायचे, ज्याला दोन्ही संघांतल्या एकाचंही नाव माहीत नसायचं. मी पाणी द्यायला.

उजवा_यॉर्कर:
खडू, शेवटच्या वाक्याला कडकडून टाळी. २०१९चा ईडन गार्डन्सचा गुलाबी चेंडूचा कसोटी सामना आठवा. हर्षा भोगले म्हणाला चेंडू दिसतोय का ते खेळाडूंना विचारायला हवं. मांजरेकर काय म्हणाला? तुला विचारावं लागेल, आम्ही खेळलोय, आम्हाला कळतं. लाइव्ह! सहकाऱ्याला!

लोअर_परळ:
झालं, मांजरेकर आला. ३७ कसोटी खेळलेल्या माणसाला खेळातलं जास्त कळतं हे बोलायचंही नाही का? आणि वागणं चुकलं हे त्याने नंतर कबूल केलंय.

उजवा_यॉर्कर:
कबूल केलं कारण लोकांनी फाडून खाल्लं. त्याच वर्षी जडेजाला 'तुकड्या-तुकड्यांचा खेळाडू' म्हणून झाला होता. जडेजाने तिथल्या तिथे सुनावलं, तुझ्या दुप्पट सामने खेळलोय. म्हणजे 'आम्ही खेळलोय'ची फूटपट्टी स्वतःला लागली की गंमत संपते.

लोअर_परळ:
तुम्ही मुंबईवर दात धरून आहात एवढंच कळलं.

उजवा_यॉर्कर:
मी दादरचा आहे, भाऊ.

लोअर_परळ:
दादर पूर्व असणार.

दाणे_आणि_स्कोअरकार्ड:
धागा यूकरवर आहे!! पण मुद्दा निघालाच आहे तर हेच म्हणतोय मी. 'मी खेळलोय, तुला काय कळतं' हे वाक्य यूकरच्या तोंडी बसेल का? पात्रता म्हणून त्याच्याकडे फक्त .२०० होते. १९६५ला त्याने सँडी कोफॅक्स या महान पिचरला होमरन मारला, तर त्यावरही म्हणायचा की माझ्यामुळे बिचाऱ्याचं हॉल ऑफ फेम (बेसबॉलमधल्या थोरांचं दालन) हुकतंय की काय. कोसेलचा राग त्या दुसऱ्या जातीवर होता. आपले बाळ ज. पंडितही रणजी खेळलेले, पण मराठीत समालोचन करताना ऐकणाऱ्याला कमी लेखलं नाही कधी.

खडू_डस्टर:
पंडितांना मधे आणू नका. त्यांनी भाषा घडवली. यूकरने काय घडवलं, स्टेडियमच्या टोकाला त्याच्या नावाने विकलेल्या खांबाआडच्या एक डॉलरच्या खुर्च्या? बरं, सारखं 'मी किती वाईट' म्हणणं हाही एक तोराच. मेजर लीगपर्यंत पोचलेल्यालाच तो परवडतो. खालच्या मायनर लीगमधे सडलेला कॅचर असं बोलला तर कुणी हसणार नाही, कीव करतील.

मावशी_मिलवॉकी:
इतका वेळ नुसती वाचत होते. आता राहवत नाही.

लग्न होऊन नागपूरहून इथे आले तेव्हा यांची दुसरी पाळी असायची. संध्याकाळी घरात मी आणि रेडिओ, एएम ६२०. बेसबॉलचं ओ की ठो कळत नव्हतं. बॉल, स्ट्राइक सगळं मी या माणसाकडून शिकले, आणि इथलं इंग्रजीसुद्धा. मधेच मासेमारीवर घसरायचा, मधेच कुणाच्या तरी सॉसेजवर, आणि नेमका चेंडू बॅटवर बसला की आवाज चढायचा, 'गेट अप, गेट अप, गेट आउटा हिअर, गॉन!' मी भांडी सोडून धावायचे, जणू खिडकीतून दिसणार आहे.

कूपरस्टाउनला, हॉल ऑफ फेममधे, पुरस्काराच्या भाषणात त्याने सांगितलं की आईबाबा मार्गारीन (नकली लोणी) आणायला इलिनॉयला गेले आणि मी तिकडेच जन्मलो. तुम्हाला हा नुसता विनोद वाटेल. विस्कॉन्सिनमधे १९६७पर्यंत पिवळ्या मार्गारीनवर खरोखर बंदी होती, दूधवाल्यांचं राज्य! इथला म्हातारा असं ऐकून डोळे पुसेपर्यंत हसतो. हे स्कलीला जमलं नसतं, तो कितीही मोठा असला तरी.

आणि ३ ऑक्टोबर २०२४. नवव्या इनिंगमधे मेट्स संघाच्या अलोन्सोने होमरन मारून आमचा मोसम संपवला. शेवटी एवढंच म्हणाला की हा घाव जरा झोंबला. फुप्फुसाच्या कॅन्सरशी तो २०२३पासून झुंजत होता हे आम्हाला तो गेल्यावर कळलं. १६ जानेवारी २०२५, एक्क्याण्णवाला दहा दिवस कमी. खडू, तुम्ही त्याला एकदा तरी ऐकलंय का?

खडू_डस्टर:
क्लिपा ऐकल्यात. मावशी, आदर आहे, पण तुमच्या आठवणी हा पुरावा नव्हे. प्रत्येक गावाला आपला समालोचक थोरच वाटतो.

मावशी_मिलवॉकी:
क्लिपा! म्हणजे हळदीकुंकवाला जाऊन वाणाची पिशवी बघून आलात. आमच्या संघाने वर्ल्ड सिरीज आजवर जिंकलेली नाही, १९८२ला गेलो तेही सात सामन्यांत हरलो. हरणारा संघ वर्षानुवर्षं ऐकायला लावणं सोपं वाटतं का? तुमच्या टेनिस बॉलच्या फायनलला तरी कुणीतरी जिंकायचं.

लोअर_परळ:
मावशी रॉक्स.

नकल_गिरकी:
उशिरा येतोय. सगळ्यांनी .२०० आणि पास्ड बॉल गृहीत धरलेत, म्हणून एक भर. १९६७ला पास्ड बॉल वाढले कारण अटलांटाच्या संघात तो पिचर फिल नीक्रोचा नकलबॉल झेलत होता. हा चेंडू न फिरता येतो, कुठे वळेल ते टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. कॅचर घाबरला की पिचर तो टाकायचंच टाळतो. यूकरने सांगितलं, तू टाक, सुटला तर माझं मी बघतो. त्या मोसमात नीक्रोचा ईआरए (दर नऊ इनिंगला सरासरी दिलेल्या धावा) १.८७, लीगमधे सर्वोत्तम. पुढे ३१८ विजय आणि हॉल ऑफ फेम. यूकरला श्रेय खुद्द नीक्रोने दिलंय. आणि यूकर जगाला काय सांगत फिरला? नकलबॉल पकडायची युक्ती सोपी, घरंगळून थांबला की उचलायचा.

दाणे_आणि_स्कोअरकार्ड:
नकल, हे मीच लिहायला हवं होतं. खडू, आता?

खडू_डस्टर:
आता काय, हार घालू? नीक्रोचं वाचलं होतं, विसरलो नव्हतो. चला, 'पडेल' मागे घेतो, 'दुसऱ्याला उभं करणारा पडेल' असं वाचा. 'विदूषक' मात्र राहील, आणि ती शिवी आहे हे तुम्ही ठरवलंत, मी नाही.

उजवा_यॉर्कर:
वा, काय सोयीस्कर माघार. मांजरेकरकडे क्लास लावलाय का?

लोअर_परळ:
पुन्हा!!

मावशी_मिलवॉकी:
मांजरेकरचं काय ते वेगळ्या धाग्यावर भांडा. आणि खडू, स्काउटच्या त्या अहवालावर ग्रेव्ही होती हे खरं, पण त्याच ब्रूअर्सनी नंतर त्याचे पुतळे उभारले. एक स्टेडियमबाहेर आणि दुसरा आत, अगदी वरच्या शेवटच्या रांगेत, त्या बियरच्या जाहिरातीत बसायचा तसाच. आलात इकडे तर सांगा, तिकीट मी काढते. एक डॉलरवालं.

खडू_डस्टर:
खांबाआडचं? येतो.